मुद्रा, रेषा आणि दफ्तर : झरीना हाश्मी यांची काष्ठमुद्रा हिंगोलीच्या भूमीवरून पाहताना

मराठीत ‘मुद्रा’ हा शब्द निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. राजपत्रावर उमटविलेला शिक्का ही मुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात येणारे कवीचे नाव ही नाममुद्रा. आणि ठशावरून कागदावर उतरणारी छाप हीही मुद्राच, जिच्यावरून मुद्रण, मुद्रक, मुद्राचित्र हे शब्द आपण बनविले. या सर्वांत समान असे एक तत्त्व आहे. मूळ वस्तू एका जागी राहते आणि तिचा अधिकार दुसऱ्या जागी जातो. शिक्का राजाच्या हाती, आज्ञा मात्र दूरच्या खेड्यात. ठसा कार्यशाळेत, छाप परक्याच्या भिंतीवर. अशा रीतीने हलविलेला अधिकार कोणाचा, तो उसना घेता येतो काय, व घेतल्यास घेणाऱ्याचे देणे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य कलाविचारात गेल्या अर्धशतकात ‘अप्रोप्रिएशन’ या नावाने पुष्कळ चर्चिला गेला. त्यासाठी प्रस्तुत लेखात ‘स्वीकरण’ हा शब्द योजिला आहे. जे आपले नव्हते ते आपले करणे, हा त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ येथे अभिप्रेत आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास भारतीय मुद्राचित्रकारांपैकी झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांच्याइतके योग्य उदाहरण दुसरे सापडणे कठीण. त्या मराठी नव्हेत व हिंगोलीशी त्यांचा काही संबंध नाही. तथापि त्यांच्या चित्रांत जे अक्षर आहे, ते उर्दू अक्षर, हिंगोलीच्या दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या साचून राहिलेले आहे. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला जे अक्षर केवळ एक वळणदार आकृती वाटते, ते येथील शेतकऱ्याच्या घरातील पेटीत घडी होऊन पडलेले असते. त्यामुळे त्यांची चित्रे या भूमीवरून पाहिली असता त्यांचा अर्थ काहीसा बदलतो, आणि या बदलाचीच चिकित्सा येथे करावयाची आहे.

झरीना यांचा जन्म अलीगढचा. वडील तेथील विद्यापीठात इतिहासाचे अध्यापक. त्या स्वतः गणिताच्या पदवीधर (१९५८), आणि ही गोष्ट त्यांच्या चित्रांकडे पाहताना क्षणभरही विसरता येत नाही. विवाहानंतर पतीच्या परराष्ट्रसेवेमुळे त्यांचा प्रवास सुरू झाला. बँकॉकमध्ये लाकडी ठशांची ओळख झाली. १९६४ ते १९६७ या काळात पॅरिसमध्ये हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत धातूच्या पत्र्यावरील रेखन त्या शिकल्या. आपले कृष्णा रेड्डी याच कार्यशाळेचे एक आधारस्तंभ होते. १९७४ साली टोकियोत तोशी योशिदा यांच्याकडे जपानी काष्ठमुद्रणाचा अभ्यास करून त्या पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. मधल्या काळात, १९५९ मध्ये, त्यांचे आईवडील अलीगढ सोडून कराचीस गेले. घर नाहीसे झाले ते असे. कोणी जाळले नाही, कोणी हिसकावले नाही. माणसे निघून गेली आणि मागे फक्त आराखडा राहिला.

तो आराखडाच त्यांच्या कलेचा विषय झाला. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) ही ३६ काष्ठमुद्रांची मालिका त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात ती आहे. घर, उंबरठा, भिंत, आकाश, अंतर, सरहद्द अशा अर्थांचे एकेक उर्दू शब्द त्यांनी आधी निवडले, पाकिस्तानातील एका सुलेखनकाराकडून ते नस्तालीक वळणात लिहवून घेतले, आणि मग प्रत्येक शब्दाला एक रेखाकृती दिली. शब्द आधी, चित्र मागाहून. आकृत्याही अगदी मोजक्या: एखादा चौकोन, काही समांतर रेषा, काळ्या पृष्ठावर एक उजळ पट्टी. रंग एक, काळा. तो पातळ जपानी कागदावर छापून जाड कागदावर चिकटविलेला.

येथे अल्पतमवादाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९६० नंतर अमेरिकेत जी रोधक, निरलंकार, भूमितीनिष्ठ कला पुढे आली, तिने मुद्राचित्रालाही कवेत घेतले. ॲग्नेस मार्टिन यांनी १९७३ साली ‘ऑन अ क्लिअर डे’ या संचात तीस पटमुद्रा काढल्या व त्यांत आडव्या-उभ्या रेषांच्या जाळ्यांखेरीज काहीही ठेविले नाही. सॉल लेविट यांनी १९६७ मध्येच असे प्रतिपादन केले होते की संकल्पनाकलेत कल्पना हीच कलाकृतीचे यंत्र असते व करणी ही नंतरची, जवळजवळ औपचारिक बाब. झरीना यांना या पंक्तीत बसविण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. तो मोह समजण्यासारखा असला तरी प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात एक मूलभूत चूक आहे. मार्टिन यांची रेषा कशाचीही नव्हती, आणि तेच तिचे वैशिष्ट्य होते. झरीना यांची रेषा नेहमी कशाची तरी असते: भिंतीची, नदीची, सीमेची. अल्पतमवाद्यांनी वस्तू काढून टाकून रेषा मिळविली. झरीना यांच्या वस्तू आधीच गेलेल्या होत्या, म्हणून रेषा उरली.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) या एका काष्ठमुद्रेत. ऑगस्ट १९४७ मध्ये जाहीर झालेली रॅडक्लिफ रेषा, म्हणजे पंजाबातून जाणारी भारत-पाकिस्तान सीमा, हे त्याचे सर्व चित्र. नाव नाही, शहर नाही, दिशादर्शक बाण नाही. पांढऱ्या कागदावर वरून खाली उतरणारी एक वाकडीतिकडी काळी रेषा, एवढेच. हे चित्र नकाशावरून घेतले आहे. नकाशा झरीना यांनी काढला नाही, तो एका परक्या बॅरिस्टरने काढला. म्हणजे हे स्वीकरणाचे शुद्ध उदाहरण होय. परंतु त्याची खरी ताकद कोरण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती कळण्यासाठी लाकडी ठशाची रीत ठाऊक असावी लागते.

काष्ठमुद्रणात शाईचा रूळ फळीच्या वरच्या पृष्ठावरून फिरतो. जो भाग उंच राहतो तो काळा उमटतो. पटाशीने जो खोदून काढला तो पांढरा राहतो. कोणास रेषा पांढरी हवी असेल तर काम सोपे आहे, तेवढी रेषा खोदावी. पण काळी रेषा हवी असेल तर रेषेला हात लावता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे सर्व लाकूड, अंगुळ अंगुळ करीत, खणून फेकावे लागते. झरीना यांनी हा दुसरा मार्ग धरला. सीमा जिवंत ठेवावयाची तर अलीकडची व पलीकडची भूमी नष्ट करावी लागते, हे विधान त्यांनी शब्दांत केले नाही; पटाशीने करून दाखविले. खोदलेल्या भागात कोठेकोठे लाकडाचे कंगोरे राहून गेले आहेत व त्यांवर शाई लागून बारीक ओरखडे कागदावर उतरले आहेत. कुशल मुद्रकाने ते सहज साफ केले असते. ते तसेच राहू दिले आहेत. लेविट यांच्या मताप्रमाणे करणी दुय्यम असेल तर या चित्राचा अर्थच नाहीसा होतो. येथे करणी हाच युक्तिवाद आहे.

स्वीकरणाच्या पाश्चात्त्य चर्चेत जे उदाहरण हमखास दिले जाते ते शेरी लेव्हिन यांचे. वॉकर एव्हान्स यांनी १९३६ मध्ये अलाबामातील गरीब शेतकऱ्यांची छायाचित्रे घेतली होती. लेव्हिन यांनी १९८१ साली ती छापील प्रतींवरून पुन्हा छायाचित्रित करून स्वतःच्या नावाने प्रदर्शित केली. मौलिकता म्हणजे काय, कर्ता कोण, स्त्रीने पुरुषाच्या वारशावर हक्क सांगितला तर काय होते, असे प्रश्न त्यातून निघाले. प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि मूळ चित्रातील शेतकरी त्या वादात कोठेच येत नाही, ही गोष्ट खटकते. वाद दोन कलावंतांच्या मालकीचा राहतो.

आमच्याकडे हा वाद निराळ्या रूपात फार पूर्वी झाला आहे, आणि तोही हिंगोलीच्याच परिसराशी निगडित. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या नावावर जी अभंगरचना चालत आली, ती सर्व एका हातची नाही, हे अभ्यासकांनी कधीच दाखवून दिले आहे. सोळाव्या शतकातील विष्णुदासनामा याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेली, आणि ‘नामा’ ही मुद्रा कोणत्या ठिकाणी कोणाची, यावर आपल्या संशोधकांनी पिढ्या घालविल्या. उत्तरेत गेलेली ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत स्थिर झाली. तेथे भाषाही बदलली. आधुनिक संशोधक या मिश्रणाला प्रक्षेप म्हणतो व वेगळे काढू पाहतो. भजन म्हणणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मुद्रा वापरणारा नंतरचा कवी चोर नसतो. तो आपले नाव सोडून देतो, थोराच्या नावात विरून जातो. लेव्हिन यांनी दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घातले. नाम्याच्या अनुयायांनी आपल्या कामावर दुसऱ्याचे नाव घातले. एकच मुद्रा, पण ओघ उलट.

झरीना यांचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे, असे म्हणावेसे वाटते. ‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) हा आठ मुद्राचित्रांचा संच पाहावा. त्यांची थोरली बहीण राणी हिने कराचीहून त्यांना पत्रे लिहिली होती आणि टपालात टाकली नव्हती. आईवडिलांचे मृत्यू, घराची विक्री, एकटेपणा हे त्यांतले विषय. ती पत्रे मागाहून एकगठ्ठा झरीना यांच्या हाती आली. त्यांनी पत्रांचे धातूचे ठसे करवून बहिणीचे हस्ताक्षर जसेच्या तसे छापले आणि त्यावर आपले लाकडी ठसे दाबले: घराचा नकाशा, शहराचा नकाशा, काळा पट. अक्षर राणीचे, रेषा झरीनांची. बहिणीचे नाव लपविलेले नाही. परंतु मजकूर बहुतेक ठिकाणी रेषेखाली अर्धवट झाकला जातो. ज्याला उर्दू वाचता येते तोही ते पत्र पुरते वाचू शकत नाही. खासगी दुःख सार्वजनिक भिंतीवर टांगताना त्याच्यावर पडदा टाकण्याची ही रीत सभ्य आहे, आणि ती परिणामकारकही आहे.

आता हिंगोलीकडे वळू. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामी अमलाखाली होता आणि हिंगोली येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात संस्थानच्या दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. परिणाम असा झाला की मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीचा पुरावा त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत तयार होऊ लागला. सेतवार, फैसल पट्टी, मुंतखब ही त्या कागदांची नावे आजही मराठवाड्याच्या न्यायालयांत ऐकू येतात. इनामाची चौकशी पुरी झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळे ते मुंतखब. त्यावर तारीख फसली सनाची, महिने आजूर, बहमन, खुर्दाद असे.

ही स्थिती निजामशाहीनेच प्रथम आणली असे मात्र कोणी समजू नये. वाशीम येथे सापडलेले वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. ते वत्सगुल्म म्हणजे वाशिमाहूनच, राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले असून त्यांत नांदीकट म्हणजे नांदेड प्रदेशाच्या उत्तर मार्गावरील एक गाव दान दिल्याची नोंद आहे. नांदेडच्या उत्तरेस वाशीमच्या बाजूला जावयाचे तर आजच्या हिंगोली जिल्ह्यातूनच जावे लागते. या पटांत राजवंशाची प्रशस्ती संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. गौरव दरबाराच्या भाषेत व तपशील लोकांना कळेल अशा भाषेत, ही विभागणी त्या राजलेखकाने जाणून केली असावी. निजामी दफ्तराला ती सुचली नाही, किंवा सुचूनही नको होती. आणखी एक गोष्ट मुद्राचित्राच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. तांब्याचा पत्रा कोरला तर गेला, पण त्याला शाई लावून कागद दाबण्याचे कोणास सुचले नाही, कारण तेथे पत्रा हाच दस्तऐवज होता. प्रत निघाली असती तर त्याचे मोल गेले असते.

झरीना यांचे उर्दू आणि हिंगोलीच्या दफ्तरातील उर्दू यांच्यामधील अंतर येथेच उघड होते. अलीगढच्या त्या मुलीला नस्तालीक अक्षर आईच्या, बहिणीच्या, अंगणाच्या आठवणीचे. मराठवाड्यातील मराठी कुटुंबाला तेच अक्षर तहसीलदाराचे, अमीनाचे, कोर्टाचे. त्यावर १९४७–४८ मधील रझाकारांच्या अत्याचारांची आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या सूडाची अशी दुहेरी काजळी चढलेली. एकाची मायबोली दुसऱ्याला सत्तेची बोली वाटावी, हे इतिहासात नवीन नाही; परंतु कलासमीक्षेत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. ‘घर’ या अर्थाचा शब्द नस्तालीकात लिहिला की तो सर्वांना सारखाच हुरहूर लावील, हे गृहीत चुकीचे आहे. २०११ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुंबईचे समीक्षक रणजित होस्कोटे यांनी भारताच्या दालनात झरीना यांना आवर्जून स्थान दिले; राष्ट्र ही कल्पना एकाच भूमीशी व एकाच भाषेशी बांधलेली नाही, हा त्यांचा आशय होता व तो रास्त होता. परंतु भाषेभाषेतील हा जुना अधिकारभेद दालनाच्या शांत उजेडात दिसत नाही. तो दिसावयास दफ्तराची धूळ लागते.

तरी ही तुलना अमर्याद ताणू नये. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानचे तीन तुकडे झाले. मुधोळ नांदेडमधून आदिलाबादकडे गेले, किनवट इकडे आले, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यास मिळाले. याही रेषा कोणी तरी कागदावर काढल्या. १९९९ ची जिल्ह्याची हद्द तर केवळ प्रशासकीय सोय. या रेषांची रॅडक्लिफ रेषेशी बरोबरी करणे म्हणजे पंजाबातील मृतांचा अवमान होय. रेषा दिसायला सारखी असते. तिची किंमत सारखी नसते. झरीना यांनी ‘दीज सिटीज ब्लॉटेड इनटू द वाइल्डरनेस’ (२००३) या संचात साराजेव्हो, बैरूत, बगदाद, जेनिन, अहमदाबाद, न्यूयॉर्क अशी नऊ शहरे एकाच मापाच्या काष्ठमुद्रांत मांडली. अशा वेळी ही शंका मनात डोकावतेच: एकाच काळ्या रंगात, एकाच चौकटीत बसविल्याने प्रत्येक शहराचे स्वतःचे दुःख पुसट होत नाही काय? कारणे निराळी, गुन्हेगार निराळे, वर्षे निराळी. अल्पतम रेषेची ही मर्यादा त्यांच्या चाहत्यांनी फारशी मान्य केलेली नाही.

मालकीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. २०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. निजामकालीन कागदांची तपासणी सुरू झाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. आरक्षणाच्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की एका कुटुंबाचे शाळाप्रवेश, नोकरी, सामाजिक स्थान हे सर्व एका ओळीवर येऊन ठेपले आणि ती ओळ घरात कोणालाच वाचता येत नव्हती. त्या कागदाकडे कुटुंबातील माणसे जशी पाहत, तसेच न्यूयॉर्कचा प्रेक्षक झरीना यांच्या मुद्रेकडे पाहतो: वळणे दिसतात, शाईचा गडदपणा दिसतो, शिक्का कोठे आहे ते दिसते, अर्थ दिसत नाही. संग्रहालयात या न वाचण्याला सौंदर्यानुभव म्हणतात. तहसील कार्यालयाच्या ओसरीवर त्याला लाचारी म्हणतात.

यावरून झरीना यांनी चूक केली असे म्हणावयाचे नाही. किंबहुना त्यांच्या संचांत उर्दू शब्द मुख्य असतो, इंग्रजी अर्थ परिशिष्टासारखा येतो. प्रेक्षकाने आधी न समजण्याचा अनुभव घ्यावा हे त्यांना हवेच होते. न्यूयॉर्कमध्ये बसून आपल्या भाषेचा हट्ट धरणे हे एका निर्वासित मनाचे स्वाभिमानाचे कृत्य होते, आणि १९९९ च्या त्या शहरात त्यामागे कोणतीही सत्ता नव्हती. अक्षर तेच, अंमल बदलला की त्याचा अर्थ बदलतो. येथे मराठी वाचकाने आपलीही एक गोष्ट तपासावी. ‘कागद’, ‘शाई’, ‘कलम’, ‘दफ्तर’, ‘दस्तऐवज’, ‘तारीख’, ‘हद्द’, ‘सरहद्द’ हे सर्व शब्द आपण फारसीकडून घेतले. शिवकाली रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी भाषेतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कागद कागदच राहिला व शाई शाईच. देवगिरीच्या पायथ्याशी कागझीपुऱ्याच्या कारागिरांनी शतकानुशतके जो हातकागद केला, त्यावर मोडीतही लिहिले गेले आणि फारसीतही. ते स्वीकरण इतके जुने आहे की आज त्याला कोणी परके म्हणत नाही.

मोडीचे तरी काय झाले? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून नाहीशी झाली, आणि आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर मराठी माणसाला चित्रासारखे दिसू लागले. हल्ली मोडीतील ओळी कपड्यांवर, भिंतींवर, लग्नपत्रिकांवर शोभेसाठी छापल्या जातात. छापणाऱ्यास व वाचणाऱ्यास त्या बहुधा वाचता येत नाहीत. हेही स्वीकरणच, पण त्यात राणीच्या पत्रांवरचा तो पडदा नाही व ती जबाबदारीही नाही.

हिंगोली, वसमत, कळमनुरी येथे उर्दू बोलणारी, वाचणारी वस्ती आजही आहे. हे सांगणे अशासाठी आवश्यक, की ‘निजामकालीन लिपी’ असे म्हणताना ती मृत आहे असा भास आपण नकळत निर्माण करतो. त्या वस्तीतील एखाद्या शाळकरी मुलीसमोर झरीना यांच्या ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ या संचाची प्रतिकृती ठेवली, तर ती शब्द वाचील. सुलेखनकाराचे नस्तालीक स्वच्छ आहे. पण तिच्याच पणजोबाच्या काळातले एखादे मुंतखब तिच्यापुढे धरले तर ती अडखळेल. दफ्तराचा मजकूर घाईत, शिकस्ता वळणात लिहिलेला असे. नुक्ते गाळलेले, अक्षरे एकमेकांत शिरलेली, महिन्यांची नावे फसली पंचांगाची. ते वाचणारे जुने जाणकार आता मोजकेच उरले आहेत, आणि ज्या तहसीलांत कागद आहेत त्या सर्वच तहसीलांत ते नाहीत.